अप्पा बळवंत चौकातून एकच पुस्तक

पुण्याला खरेदीला जायचं म्हटलं की आम्हा आसपासच्या गावांतल्या बायकांची ठिकाणं ठरलेली असतात. साड्या नि सोनं लक्ष्मी रस्त्यावर, बांगड्या, टिकल्या, देवाची उपकरणी तुळशीबागेत, आणि येता येता भाजी मंडईतून. या तिन्ही ठिकाणी आपल्याला सहसा कुणी फसवू शकत नाही. कापडाचा पोत हाताला कळतो, भाव तोंडपाठ असतो, आणि दहा साड्या उलगडायला लावून एकही न घेता उठायची आपल्याला लाज वाटत नाही. पण याच परिसरात चौथं एक ठिकाण आहे, तिथे मात्र भल्याभल्या चतुर गृहिणींची बोलती बंद होते. ते म्हणजे अप्पा बळवंत चौक. मुलांच्या परीक्षेची पुस्तकं घ्यायला आपण तिथे जातो आणि समोरचा दाखवेल त्याला ‘द्या, दोन्ही द्या’ म्हणून मोकळ्या होतो. साडी चुकली तर नणंदेला देता येते. इथे प्रश्न मुलाचा असतो ना!

मी सासवडला राहते. घर सांभाळून अर्धा दिवस शाळेत शिकवते, आणि संध्याकाळी गल्लीतल्या चार मुलांचा स्कॉलरशिपचा अभ्यास घेते. त्यामुळे वर्षातून दोन खेपा तरी या चौकात होतात. तिथे जावं कसं, बघावं काय आणि घ्यावं काय, याबद्दल मैत्रिणी नेहमी विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

चौकाकडे जाताना

सासवडहून दिवे घाट उतरताना खाली मस्तानी तलाव दिसतो. पावसाळ्यात तो भरलेला असला की मुलं खिडकीशी भांडतात. पुढे स्वारगेट. पूर्वी तिथून बसमध्ये उभ्याने घामाघूम होत जावं लागे. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली आणि आमची मोठी सोय झाली. स्वारगेटच्या पुढचंच स्थानक मंडई. पदराने वारा घ्यायलाही वेळ मिळत नाही, इतक्यात उतरायचं येतं!

मंडईतून वर आलं की शिवाजी रस्त्याने दगडूशेठच्या गणपतीकडे चालत जायचं. गणपतीला हात जोडून झाले की समोरच्या बाजूकडेही जरूर बघा. तिथे भिडे वाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा उघडली ती त्या वाड्यात. मोडकळीला आलेली ती इमारत राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये उतरवली. बरोबर एखादी विद्यार्थिनी असली तर मी तिला तिथे मिनिटभर थांबवते. भाषण देत नाही, नुसतं साल सांगते. वजाबाकी तिची ती करते.

पुढे बुधवार चौकातून डावीकडे वळलं की पाच मिनिटांत अप्पा बळवंत चौक. तांबडी जोगेश्वरीचं देऊळ जवळच आहे. शनिवारवाड्याकडून येणारा बाजीराव रस्ता याच चौकातून जातो. नूतन मराठी विद्यालय, म्हणजे सगळ्यांची नूमवि, १८८३ पासूनची शाळा, ती याच रस्त्यावर. मुलींची हुजूरपागाही इथून फार लांब नाही, तीही १८८४ सालची. इतक्या जुन्या शाळा हाकेच्या अंतरावर म्हटल्यावर पुस्तकांचा बाजार इथेच वाढला यात नवल नाही.

चौकाचं नाव पेशवाईतले सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्यावरून पडलं. त्यांचे वडील बळवंतराव १७६० साली पानिपतच्या मोहिमेत पडले. अप्पांचा वाडा या भागात होता. सवाई माधवराव पेशवे हत्तीवरून जात असताना त्यांना भोवळ आली, तेव्हा पाठीमागे बसलेल्या अप्पांनी त्यांना याच जागी सावरलं आणि म्हणून हे नाव मिळालं, अशी हकीकतही सांगतात. कॉलेजातली मुलं मात्र त्याला नुसतं ‘एबीसी’ म्हणतात. पुस्तकांच्या बाजाराला हेही नाव शोभतं, नाही का?

मागायचं, बघायचं नाही

चौकातली बरीच दुकानं दाराएवढी रुंद आणि बोळासारखी खोल आहेत. पुढे फळी, फळीमागे माणूस, माणसामागे छतापर्यंत पुस्तकं. वरचं पुस्तक हवं असलं की पोरगा शिडीवर चढतो आणि तिथून खाली टाकतो, खालचा बरोबर झेलतो. पहिलीच्या अंकलिपीपासून वकिलीच्या जाडजूड ग्रंथांपर्यंत सगळं इथे मिळतं. इंजिनिअरिंगची मुलं, बँकेच्या परीक्षेला बसलेल्या मुली, एमपीएससीचे तिशीला आलेले उमेदवार आणि पहिलीतल्या बाळासाठी खाकी कव्हर घेणारे आजोबा, सगळे एकाच फळीला टेकून उभे असतात. जूनमध्ये तर पाऊस, छत्र्या आणि पालक यांची अशी दाटी होते की आत शिरलेली बाई पुस्तक न घेताच दुसऱ्या बाजूने बाहेर पडावी! म्हणून मी जून उलटल्यावर, आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दुकानं उघडता उघडता जाते.

या फळीतच सगळी गोम आहे. तुळशीबागेत वस्तू आपण हातात घेऊन निरखतो. इथे पुस्तकाचं नाव मागायचं असतं. ‘पाचवी स्कॉलरशिप द्या’ म्हटलं की एक गठ्ठा पुढ्यात येतो, मागून लोक रेटत असतात, आणि ‘सगळे हाच सेट नेतात’ हे वाक्य कानावर पडतं. दुकानदाराची त्यात चूक काही नाही. त्याला दिवसाला शेकडो माणसं उरकायची असतात. आपलं मूल कुठे अडतं हे त्याला कसं कळणार? ते आपल्यालाच माहीत हवं. आणि ते घरून निघण्याआधी माहीत हवं.

म्हणून माझा पहिला नियम असा, की पुस्तक बघण्याआधी प्रश्नपत्रिका बघायची. स्कॉलरशिपची परीक्षा घेणारी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्यातच आहे. तिच्या संकेतस्थळावर मागच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची फुकट मिळतात. जवळच्या झेरॉक्सवाल्याकडून एक प्रश्नपत्रिका छापून घ्या आणि मुलाला घड्याळ लावून सोडवायला बसवा. मार्क मोजू नका. कुठे अडलं, कुठे वेळ खाल्ला, कुठे न वाचताच खूण केली, एवढ्याच तीन गोष्टी कागदावर टिपा. तो कागद पर्समध्ये घालून चौकात या. वाण्याकडे यादीशिवाय जात नाही, मग इथेच का जावं?

कोणती परीक्षा, कोणतं पुस्तक

परीक्षा वेगळी की पुस्तक वेगळं, हे पुष्कळ आयांना ठाऊक नसतं. पाचवी-आठवीच्या स्कॉलरशिपला दोन पेपर असत. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, दुसऱ्यात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्तेचे ५०. म्हणजे ७५ प्रश्नांना ९० मिनिटं. आठवीच्या पेपरात २० टक्क्यांपर्यंत प्रश्नांची दोन उत्तरं बरोबर असत आणि दोन्ही रंगवली तरच गुण मिळत. पाचवीतून सहावीत जाताना नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा असते तिचं गणित निराळं. दोन तासांत ८० प्रश्न, आणि त्यातले निम्मे बुद्धिमत्तेचे. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस नावाची केंद्राची शिष्यवृत्ती आहे. तिचे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला बरोबर एक मिनिट. ‘स्पर्धा परीक्षेचं कुठलंही द्या’ म्हणून आणलेलं पुस्तक या तिन्हींना कसं पुरणार?

दुसरं असं, की स्कॉलरशिपची इयत्ताच बदलत आली आहे. आपल्या लहानपणी ती चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा शासनाचा निर्णय झाला. शिवाय पहिलीपासून नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून टप्प्याटप्प्याने येऊ लागला. या सगळ्याचा परिणाम चौकातल्या फूटपाथवर बघायला मिळतो. जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘चौथी स्कॉलरशिप’ लिहिलेली दहा-बारा वर्षांपूर्वीची पुस्तकं असतात. मुखपृष्ठ अगदी हवं तेच म्हणतं, किंमतही चटणीच्या भावात. पण आतले धडे कधीच गेलेले असतात! तेव्हा आधी आतल्या पानावरचं आवृत्तीचं साल वाचावं, मगच इयत्ता. आणि यंदा आपल्या मुलाला कोणत्या इयत्तेची परीक्षा आहे हे शाळेत विचारूनच निघावं.

पाचशेची नोट

या वर्षी माझ्याबरोबर गल्लीतल्या एक वहिनी होत्या. त्या ब्लाऊज, परकर शिवून घर चालवतात. मुलगी आठवीला, अनुदानित शाळेत. हुशार आहे, पण घरात पुरुषमाणूस नाही, आणि दिराचं म्हणणं असं की दहावी झाली की हिला आईशेजारी दुसरं मशीन घेऊन द्यावं. वहिनी त्यांना उलटून बोलत नाहीत. फक्त मला एकदा हळूच म्हणाल्या, “ताई, ती परीक्षा पास झाली तर पैसे हिच्या नावावर येतात म्हणे. खरं का?”

खरं आहे. एनएमएमएसमध्ये निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, तेही मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात. चार वर्षांचे ४८,००० झाले. त्यासाठी शाळा सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेची हवी, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि सातवीला निदान ५५ टक्के हवेत. अर्ज शाळेतून भरला जातो. कुणाला ही रक्कम मोठी वाटणार नाही. पण बारावीपर्यंतच्या वह्या, पुस्तकं, फी यांना ती पुरली, तर ‘शिकवायला पैसा कुठला’ हा प्रश्न घरात उठत नाही. आणि प्रश्न उठला नाही की उत्तरही द्यावं लागत नाही.

तर वहिनींनी रुमालात पाचशेची नोट बांधून आणली होती. मुलगीही बरोबर होती. मी मुद्दाम तिला शाळा बुडवून आणलं, कारण पुस्तक तिला वाचायचं होतं, मला नाही. दुकानात शिरून मी म्हटलं, “दादा, एनएमएमएस, आठवी, मराठी माध्यम. जेवढी आहेत तेवढी दाखवा, पण जरा बघू द्या हं.” गर्दी नव्हती, म्हणून त्यांनी चार पुस्तकं काढली आणि फळीच्या टोकाला एक स्टूलही दिलं. शिवाय पाच पुस्तकांचा एक संचही पुढे केला. त्याच्या किमतीकडे बघून वहिनींचा हात रुमालावर घट्ट झाला. “सगळं लागतंच का हो?” त्या कुजबुजल्या. मी म्हटलं, “थांबा तर.”

मुलीच्या कागदावर पहिलं लिहिलं होतं ‘दिनदर्शिका’. वार काढण्याच्या गणितात ती नेहमी अडायची. मी चारही पुस्तकांत तेच प्रकरण उघडलं. एका पुस्तकात प्रश्न भरपूर, पण शेवटी नुसत्या उत्तरांच्या रांगा, ‘१-ब, २-अ’ अशा. दुसऱ्यात आरशातल्या प्रतिमांच्या आकृत्या इतक्या धूसर छापलेल्या, की काट्याचं घड्याळ आहे की पोळपाट ते कळेना. तिसऱ्यात सूत्र होतं, पण ते कुठून आलं याचा पत्ता नव्हता. चौथ्यात एक साधं उदाहरण होतं. १५ ऑगस्ट २०२५ ला शुक्रवार होता, तर १५ ऑगस्ट २०२६ ला कोणता वार? खाली समजावलं होतं की वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. मुलीने ते हळू आवाजात वाचलं, क्षणभर थांबली, आणि म्हणाली, “म्हणजे एकच दिवस पुढे सरकतो, बाई. शनिवार. आणि मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन.” दुसरं वाक्य पुस्तकात पुढच्या पानावर होतं. तिने ते न उलटताच सांगितलं.

तेच पुस्तक घेतलं. त्याच्या जोडीला सराव प्रश्नपत्रिकांचा एक संच, ज्यात गोल रंगवायच्या उत्तरपत्रिका होत्या. बस्स! दुकानदाराने छापील किमतीवर सूट दिली. ती या चौकात बहुतेक मिळतेच, पण मागावी लागते, आणि पुस्तकागणिक वेगळी असते. नोट मोडून वहिनींच्या रुमालात पैसे परत गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मला वाटलं होतं, कमी पडतील.”

हातात घेतल्यावर काय बघाल?

साडीची पारख आपण करतो तशी पुस्तकाचीही करता येते. त्याला गणिताची पदवी लागत नाही, मी स्वतः बी.ए. आहे! मूल जिथे अडतं तेच प्रकरण उघडावं, पहिलं प्रकरण नव्हे. पहिली प्रकरणं सगळ्याच पुस्तकांत सुबक असतात. उत्तराच्या पुढे कारण दिलं आहे का ते पाहावं. कोणतीही तीन उदाहरणं स्वतः करून पाहावीत. तिनातलं एक उत्तर चुकलं असेल तर ते पुस्तक फळीवरच राहू द्यावं, कारण चुकीचं उत्तर बरोबर मानून रडणारी मुलं मी पाहिली आहेत. आकृत्या ठळक हव्यात. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका दिल्या असतील तर उत्तरं अंतिम उत्तरसूचीशी जुळतात का, हे घरी ताडून पाहावं. परिषद आधी अंतरिम सूची काढते, त्यावर हरकती घेते, आणि मग अंतिम सूची देते. घाईने छापलेल्या पुस्तकांत कधी कधी अंतरिमच राहून जाते.

आणि जाडीला भुलू नये. सहाशे पानांचं पुस्तक घरात आलं की आईला समाधान वाटतं आणि मुलाला धडकी भरते. दहावीला ‘एकवीस अपेक्षित’ घेतलं नाही असं घर आपल्या पिढीत विरळाच होतं. पण ते पुरतं सोडवलेली मुलं किती होती, हे आपल्यालाच ठाऊक! पूर्ण झालेलं एक पुस्तक, कोऱ्या राहिलेल्या पाच पुस्तकांना भारी असतं. शिवाय एनएमएमएसच्या दुसऱ्या पेपरात विज्ञानाचे ३५, समाजशास्त्रांचे ३५ आणि गणिताचे २० प्रश्न असतात, ते सातवी-आठवीच्या अभ्यासक्रमावरचे. म्हणजे त्याचं खरं गाईड दप्तरातच असतं. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरही विनामूल्य आहेत. त्यासाठी चौकात यायची गरज नाही.

जुनं पुस्तक घ्यायला हरकत नाही, माझ्या निम्म्या मुलांची पुस्तकं जुनीच आहेत. पण पानं उलटून बघा. आधीच्या मालकाने उत्तरांवर पेन्सिलीने खुणा केल्या असतील तर खोडता येतात, शाईच्या मात्र जात नाहीत. उत्तर दिसत असताना मूल विचार कशाला करील?

कार्डं विकत की घरची?

हल्ली चौकात रंगीत कार्डांचे डबेही मांडलेले असतात. प्राणी, फळं, इंग्रजी अक्षरं, पाढे. बालवाडीच्या मुलांना ती छान आहेत. मोठ्या मुलांसाठी सूत्रांची, शब्दार्थांची कार्डंही निघाली आहेत. पण माझं स्पष्ट मत असं, की लहानांची विकत घ्या, मोठ्यांची घरी करा. कारण कार्ड लिहिताना निम्मा अभ्यास होतो, आणि तो छापखान्याने करून काय उपयोग?

खर्च अगदी नाही. आपल्या घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच. गणपतीचं चित्र असलेला भाग कापून वेगळा ठेवावा, आणि कोऱ्या जाड पाठीचे पत्त्याएवढे तुकडे करावेत. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. एका कार्डावर एकच गोष्ट. अक्षर मुलाचंच.

कार्डावर काय लिहायचं? जे आठवलं की झालं, ते. उदाहरणार्थ १ ते ३० चे वर्ग. १०० च्या आतल्या २५ मूळ संख्या. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक, त्यात ई, जे, ओ, टी, वाय यांचे ५, १०, १५, २०, २५ एवढे पाठ झाले की बाकीची दोन पावलं पुढे-मागे करून निघतात. एप्रिल आणि जुलै नेहमी एकाच वाराने सुरू होतात, हे एक कार्ड. समूहदर्शक शब्दांची तर कार्डंही नकोत. भाकऱ्यांची चवड, आंब्यांची अढी, किल्ल्यांचा जुडगा हे शब्द आपण स्वयंपाकघरात मुद्दाम वापरले की मूल ते विसरत नाही. उलट रीतीची गणितं, कोडी, आकृत्या कार्डावर उतरवू नयेत. त्या कागदावर हाताने सोडवूनच येतात.

आता कार्डं वापरायची कशी? सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ साली एका पुस्तकात खोक्याची युक्ती सांगितली, तीच थोडी सोपी करून मी वापरते. बुटांच्या खोक्यात पुठ्ठे घालून तीन कप्पे करायचे. पहिला रोजचा, दुसरा दिवसाआडचा, तिसरा आठवड्याचा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. म्हणजे येतं त्यावर वेळ जात नाही आणि येत नाही ते लपून राहत नाही. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगण्याने लक्षात जास्त राहतं, हे अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोग करून दाखवलं. गंमत अशी, की पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आणि आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे! आपली मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात तेव्हा त्यांना सगळं येतंय असं का वाटतं, ते यावरून कळतं.

पण मला कार्डं आवडतात त्याचं कारण वेगळंच आहे. गाईडातलं गणित आईला सोडवता येईलच असं नाही. सातवी शिकलेल्या वहिनींना आठवीच्या मुलीचा अभ्यास घ्यायचा संकोच वाटत होता. “मला काय कळतंय त्यातलं, ताई?” असं त्या म्हणायच्या. कार्डाला मात्र ते कळावं लागत नाही. प्रश्न वाचायचा, मुलीचं उत्तर ऐकायचं, आणि उलटून बघायचं. आता रात्री काजं-बटणं करताना वहिनी कार्डांचा गठ्ठा मशीनवर ठेवतात. “सतराचा वर्ग?” “दोनशे एकोणनव्वद.” बरोबर असलं की कार्ड दुसऱ्या कप्प्यात. परवा तर दीर घरात आले होते, आणि तेही एक कार्ड उचलून विचारू लागले. त्यांना स्वतःला उत्तर येत नव्हतं. मुलीला आलं. ते काही बोलले नाहीत, पण दुसरं कार्ड उचललं.

परीक्षा अजून व्हायची आहे. जागा ठरावीक असतात आणि मुलं पुष्कळ, त्यामुळे निकालाबद्दल मी कुणाला शब्द देत नाही. वहिनींनाही दिलेला नाही.

निघण्यापूर्वी एवढं करा

शाळेतून परीक्षेचं नाव, इयत्ता आणि माध्यम कागदावर लिहून घ्या. एक जुनी प्रश्नपत्रिका घरी सोडवून मुलाच्या अडचणी टिपा. मुलाला बरोबर न्या आणि सकाळी लवकर जा. निदान दोन-तीन दुकानं फिरा, फळीवर पुस्तक उघडून बघायला लाजू नका. एक मुख्य पुस्तक आणि एक सराव संच, यापलीकडे पहिल्या खेपेला काही घेऊ नका. पहिलं संपलं तर चौक काही पळून जात नाही! उत्तराला गुण कापत नाहीत अशा परीक्षेत, म्हणजे स्कॉलरशिप आणि एनएमएमएसमध्ये, एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हेही मुलाला आधीच सांगून ठेवा. पावती जपून ठेवा आणि पानं कोरी, उलटी किंवा गहाळ नाहीत ना, हे दुकानातच तपासा.

घरी आल्यावर पुस्तकाच्या पहिल्या पानावर मुलाकडून त्याचं नाव आणि तारीख लिहून घ्या. शेवटच्या पानावर तारखेची जागा कोरी ठेवा. ते पुस्तक पुरं होईल त्या दिवशी ती त्याने स्वतःच्या हाताने भरायची.